पाल्याचा रस आणि जठरातील व्रण



गोंदिया जिल्ह्याची ओळख तळ्यांचा आणि भाताचा जिल्हा अशी करून दिली जाते व ती खोटी नाही. परंतु तितक्याच खरेपणाने त्याला पानांचा जिल्हा म्हणता येईल. उन्हाळा तापू लागला की देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील कुटुंबेच्या कुटुंबे उजाडण्यापूर्वी तेंदूची पाने तोडण्यासाठी जंगलाची वाट धरतात. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण होतात, बेलाचे पान देवाला वाहिले जाते, कडुनिंबाचा पाला धान्यात घातला जातो, शेवग्याचा कोवळा पाला भाजीला जातो. आणि पोटात आग पडू लागली, आंबट ढेकर येऊ लागले, उपाशीपोटी बेंबीच्या वर कळ येऊ लागली, म्हणजे जाणत्या माणसाला विचारून कोणत्या तरी पाल्याचा रस घेतला जातो. या शेवटच्या उपयोगाचा विचार येथे करावयाचा आहे. पाल्याच्या रसाने अथवा अर्काने जठरातील व्रण टळतो काय, आणि टळत असल्यास ते कोणत्या आधारावर म्हणावयाचे, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. जठरव्रणाची कळ काही दिवस येते, काही दिवस आपोआप थांबते. त्यामुळे मध्यंतरी जे घेतले त्यानेच गुण आला असा समज सहज होतो. कळ थांबली तरी व्रण भरलेला असतोच असे नाही. तो आतल्या आत खोल जाऊन एखादे दिवशी रक्तवाहिनी फोडतो, किंवा जठराला आरपार छिद्र पाडतो. अशा वेळी रोगी जवळच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत बहुमोल तास गेलेले असतात. म्हणून पाल्याविषयी बोलताना भाबडेपणा जितका घातक, तितकाच पाल्याकडे पाहून नाक मुरडण्याचा सुशिक्षितांचा अहंकारही निरुपयोगी आहे.

जठर स्वतःला का पचवीत नाही?

जठरात तयार होणारा रस मोठा तीव्र असतो. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि मांसासारखे प्रथिनयुक्त पदार्थ विरघळविणारे पेप्सिन नावाचे पाचक द्रव्य असते. जठराची भिंतही मांसाचीच. मग ती का विरघळत नाही? कारण तिच्यावर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो, त्या थरात आम्लाचा जोर मारणारा क्षार पाझरत असतो, त्याखालच्या पेशी थोड्या थोड्या दिवसांनी नव्या होत असतात, आणि या सर्वांना रसद पुरविणारा रक्तप्रवाह अखंड चालू असतो. या बंदोबस्तावर देखरेख करणारी जी द्रव्ये शरीर स्वतः तयार करते, त्यांना प्रोस्टाग्लँडिन म्हणतात. शेताच्या बांधासारखीच ही व्यवस्था आहे. पाणी वाढले म्हणजे बांध फुटतो, तसा पाणी तेवढेच असून बांध खचला तरी फुटतो. जठरातही आम्ल वाढल्यामुळे व्रण होऊ शकतो, किंवा आम्ल नेहमीइतकेच असून अस्तर दुबळे झाल्यामुळेही होऊ शकतो.

अस्तर कशाने दुबळे होते, याचे उत्तर गेल्या अर्धशतकात पार बदलून गेले. काळजी, जागरण आणि तिखट खाणे यांच्यावर पूर्वी सारा दोष टाकला जाई. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघा वैद्यकतज्ज्ञांनी रोग्यांच्या जठराच्या अस्तरात मळसूत्रासारखे वळण असलेले सूक्ष्म जंतू पाहिले. ते प्रयोगशाळेत वाढविण्याचे प्रयत्न वारंवार फसत होते. १९८२ साली ईस्टरच्या सुटीमुळे काचेच्या तबकड्या नेहमीपेक्षा अधिक दिवस उबवणपेटीत राहून गेल्या आणि जंतूंची वाढ प्रथमच दृष्टीस पडली. आम्लाने भरलेल्या जठरात जंतू जगतात हे कोणी मान्य करीना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतःच त्या जंतूंचे द्रावण प्राशन केले आणि काही दिवसांतच जठरदाहाचा अनुभव घेतला. त्या जंतूंना पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळाले, आणि २००५ साली या दोघांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या जठरात हा जंतू वस्तीला असल्याचे अनेक पाहण्यांतून दिसले आहे. तो बहुधा बालपणीच, दाटीच्या घरांतून व अस्वच्छतेतून शिरतो. त्यातील सर्वांना व्रण होत नाही, हे सुदैव.

दुसरे कारण वेदनाशामक गोळ्यांचे. अॅस्पिरिन आणि त्या जातीची औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात, हे इंग्लंडमधील जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले. दुखणे थांबते ते त्यामुळेच, आणि जठराचे संरक्षण ढासळते तेही त्यामुळेच. या जिल्ह्याच्या दृष्टीने हे कारण विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. रोवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकून राहणाऱ्या बायांची कंबर रात्री सरळ होत नाही. किराणा दुकानातून एक गोळी घेतली जाते, दुसऱ्या दिवशी आणखी एक, बहुतेक वेळा रिकाम्या पोटी. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांनाही अंगदुखीच्या झटक्यात वेदनाशामकाचा आधार घ्यावा लागतो. मग पोट जळू लागले की त्यावर पाल्याचा रस. एका हाताने बांध खणावा आणि दुसऱ्या हाताने त्यावर माती टाकावी, त्यातला हा प्रकार आहे. तंबाखूचे नाते तर याहून चमत्कारिक. धूम्रपानाने व्रण भरून येण्यास विलंब लागतो आणि भरलेला व्रण पुन्हा उघडण्याचा संभव वाढतो. पोटाला शांत करणारी पाने आणि पोटाला अपाय करणाऱ्या विडीची पाने एकाच जंगलातून येतात. तेंदूपानाच्या मजुरीवर ज्यांचे उन्हाळ्याचे दिवस निघतात त्यांना यावरून बोल लावणे अन्यायाचे होईल, पण पोटाच्या तक्रारीसाठी पाला विचारावयास आलेल्या माणसाला तो विडी किती ओढतो हे विचारलेच पाहिजे.

अर्क, काढा आणि रस

प्राचीन वैद्यकाला हा विकार अनोळखी नव्हता. काश्यपसंहितेत अम्लपित्ताचा स्वतंत्र विचार आहे, आणि माधवनिदानात अन्न पचत असताना उठणाऱ्या परिणामशूलाचे वर्णन आहे. त्याहून लक्षणीय गोष्ट म्हणजे औषध तयार करण्याच्या रीतींविषयीची काटेकोर दृष्टी. ताज्या पानांचा पिळून काढलेला स्वरस, वाटून केलेला कल्क, उकळून केलेला क्वाथ, थंड पाण्यात भिजवून केलेला हिम आणि गरम पाण्यात भिजवून केलेला फांट, हे पाच प्रकार वेगवेगळे मानले गेले. पान तेच, पण त्यातून उतरणारी द्रव्ये निराळी, हे त्यामागचे मर्म. आजच्या प्रयोगशाळेतील अर्क म्हणजे यातील एकही नव्हे, आणि बहुतेक गैरसमजाचे मूळ नेमके येथे आहे.

गोंदियाजवळ कुडवा येथे औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे, विदर्भात इतरत्रही अशा संस्था आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एखादी वनस्पती घेऊन तिच्या अर्काचा जठरव्रणावरील परिणाम तपासावा, हा देशभरातील अशा संस्थांमध्ये रुळलेला अभ्यासविषय आहे. पद्धत साधारणपणे अशी असते. पाने ओळखून वनस्पतिशास्त्रज्ञाकडून खातरजमा करून घेतात व वाळविलेला नमुना जपून ठेवतात. पाने सावलीत वाळवून भरड दळतात. मग मद्यार्क, मिथेनॉल किंवा पाणी अशा द्रावकात त्यातील द्रव्ये उतरवून घेतात आणि द्रावक उडवून लावतात. खाली जो चिकट लगदा उरतो तो अर्क. उपाशी ठेवलेल्या उंदरांना, खरे म्हणजे पांढऱ्या घुशींना, तो ठरावीक मात्रेत पाजतात. त्यानंतर त्यांच्या जठरात व्रण निर्माण करतात. कधी अॅस्पिरिन देऊन, कधी शुद्ध मद्यार्क पाजून, कधी थंडीत जखडून ठेवून, तर कधी भूल देऊन जठराचे खालचे तोंड बांधून. ही शेवटची रीत शे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९४५ साली प्रसिद्ध केली आणि आजही ती वापरली जाते. शेवटी जठर उघडून व्रण मोजतात, आतल्या रसातील आम्ल मोजतात आणि रॅनिटिडिन अथवा ओमेप्राझोल या प्रस्थापित औषधांशी तुलना करतात. प्राण्यांवरील अशा प्रयोगांना संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आवश्यक असते.

या मार्गाने पुष्कळ पाने कसोटीला उतरली आहेत. शेवग्याच्या पानांच्या मिथेनॉलमधील अर्काने घुशींच्या जठराचे व्रणापासून रक्षण होते, असे कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील संशोधकांनी १९९५ साली प्रसिद्ध केले. कडुनिंबाच्या पानांविषयी असेच निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. बेलाच्या बियांतून मिळणाऱ्या ल्युवॅन्जेटिन या द्रव्याचा अभ्यास बनारस हिंदू विद्यापीठात झाला व तो १९९७ साली पुढे आला. त्याच विद्यापीठातील सन्याल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात कच्च्या केळीच्या भुकटीवर केलेले काम तर या क्षेत्रात पायाभूत मानले जाते. या वनस्पतींत कषाय रसाचे टॅनिन असते, ते अस्तरावरील प्रथिने आकसवून पातळ कवच तयार करते. फ्लॅव्होनॉइड गटातील द्रव्ये असतात, ती पेशींची हानी रोखतात व श्लेष्मा वाढवितात. एवढ्यावरून जठरव्रणावर औषध सापडले असे कोणी म्हणेल तर मात्र त्याला थांबवावे लागेल.

पहिली गोष्ट, या प्रयोगांत अर्क आधी दिला जातो आणि व्रण नंतर केला जातो. म्हणजे दिसते ते संरक्षण, उपचार नव्हे. माणूस मात्र पाल्याकडे वळतो तो व्रण झाल्यावर.

दुसरी गोष्ट घुशीच्या जठराची. तिच्या जठराचा वरचा भाग ग्रंथिरहित, पिशवीसारखा असतो. जठराचे तोंड बांधण्याच्या प्रयोगात व्रण होतात ते प्रामुख्याने या पिशवीत, आणि माणसाच्या जठरात असा भागच नाही. शिवाय माणसाच्या व्रणाचे जे प्रमुख कारण, तो हेलिकोबॅक्टर जंतू, या प्रयोगांत कोठेच नसतो.

तिसरी गोष्ट अधिक मौजेची. आंद्रे रॉबर्ट या शास्त्रज्ञाने १९७९ साली प्रोस्टाग्लँडिन दिल्याने तीव्र मद्यार्कापासूनही जठराचे रक्षण होते हे दाखविले, आणि पुढे असेही दाखविले की सौम्य मद्यार्क अथवा सौम्य आम्ल आधी पाजले तरी तसेच रक्षण होते. किंचित डिवचले गेलेले जठर स्वतःच सावध होते. तेव्हा एखाद्या पाल्याच्या अर्काने व्रण टळला, तर तो त्यातील औषधी गुणाने टळला की त्या अर्काने जठराला जरासे बोचकारल्यामुळे टळला, हे निराळे तपासावे लागते. सगळ्याच संशोधनात ते तपासलेले नसते.

चौथी गोष्ट मात्रेची, आणि ती शाळेतील मुलांनाही मांडता येईल अशा हिशेबाची आहे. घुशीला दर किलो वजनामागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला असे धरू. लहान प्राण्याची मात्रा माणसाला लावताना शरीराच्या पृष्ठभागाचा विचार करून साधारण सहाने भागतात. म्हणजे दर किलोमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आणि ६० किलो वजनाच्या माणसाला सुमारे ४ ग्रॅम अर्क. वाळल्या पानांच्या एकदशांश अर्क निघतो असे मानले तर त्यासाठी ४० ग्रॅम वाळली पाने लागतील, आणि ताज्या पानांत ७० टक्के पाणी धरले तर जवळजवळ १३० ग्रॅम ताजा पाला लागेल, तोही दररोज. सकाळी चावलेली चार पाने आणि प्रयोगशाळेतील अर्क यांच्यामध्ये एवढे अंतर आहे. उलट, हे अंतर भरून काढण्यासाठी कोणी वाटीवाटीने कडू रस पिऊ लागला, तर यकृताला व मूत्रपिंडाला ते सोसेल याची हमी त्या प्रयोगात कोठेही दिलेली नसते.

मग हे संशोधन व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. थायलंडमध्ये प्लाऊ-नोई नावाचे एक झुडूप आहे, जमालगोट्याच्या कुळातले. तेथील पारंपरिक औषधांत वापरल्या जाणाऱ्या त्याच्या पानांतून प्लाउनोटॉल हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि जपानमध्ये ते जठरव्रणावरील औषध म्हणून रीतसर वापरात आले. ज्येष्ठमधापासून तयार केलेले कार्बेनॉक्सोलोन १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये जठरव्रणावर दिले जाई. त्याने व्रण भरून येत, परंतु अंगावर सूज येई, रक्तदाब वाढे आणि रक्तातील पोटॅशियम घटे. १९७६ साली सिमेटिडिन हे आम्ल रोखणारे औषध बाजारात आल्यावर ते मागे पडले. वनस्पतीपासून आलेले औषध निरुपद्रवी असते या समजुतीला यापेक्षा स्पष्ट उत्तर नाही. आपल्याच देशात कोलकात्याच्या भारतीय रासायनिक जीवविज्ञान संस्थेने कडुनिंबाच्या सालीचा पाण्यातील अर्क रोग्यांना देऊन पाहिला व ते निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध केले. ३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दहा दिवस दिल्यावर जठरातील आम्लस्राव ७७ टक्क्यांनी घटला. रोग्यांची संख्या लहान होती, हे खरे. पण घुशीवरून माणसापर्यंतचा टप्पा गाठला गेला, हे महत्त्वाचे. मात्र तो अर्क सालीचा आहे, आणि साल सोलली तर झाड मरते. पाने पुन्हा येतात. वनस्पतीच्या पानांवरील संशोधनाला जंगलालगतच्या गावांच्या दृष्टीने जे मोल आहे, ते या साध्या कारणामुळेही आहे.

गावाच्या दप्तरात काय असावे?

ज्या पाल्याची परीक्षा प्रयोगशाळेत होते, त्याचे नाव बहुधा कोणा गावातील जाणत्याच्या तोंडूनच प्रथम आलेले असते. त्या माणसाचे व त्या गावाचे नाव मात्र पुढे कोठे उरत नाही. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली. २०२३ च्या दुरुस्तीने संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापरास लाभवाटणीच्या अटीतून बऱ्याच अंशी सूट मिळाली. याचा अर्थ असा की जे ज्ञान मान्यताप्राप्त ग्रंथांत आहे त्याच्यावर गावाला फारसा दावा सांगता येणार नाही. पण जे ग्रंथांत नाही, एखाद्या गोंड अथवा हलबा कुटुंबात पिढीजात चालत आले आहे, त्याची नोंद दप्तरी असणे पूर्वीपेक्षा अधिक निकडीचे झाले आहे. अनेक ठिकाणी ही नोंदवही कोणा बाहेरच्या यंत्रणेने शेजारच्या गावाची नक्कल करून भरून दिलेली आढळते. पाचशे वनस्पतींची यादी आणि त्यांत गावकऱ्यांनी सांगितलेली एकही गोष्ट नाही, अशी नोंदवही कपाटात राहिली काय आणि न राहिली काय, सारखेच.

पाल्याची नोंद करावयाची झाल्यास कोणते पान, कोवळे की जून, कोणत्या महिन्यात तोडलेले, ताजे की वाळलेले, पाण्यात उकळून की पिळून, किती, उपाशीपोटी की जेवणानंतर, किती दिवस, आणि कोणाला देऊ नये, हे सारे लिहावे लागते. शेवटचा मुद्दा जाणत्या माणसाला नेमका ठाऊक असतो, पण विचारणारा तो विचारीत नाही. गर्भवतीला, लहान मुलाला, अमक्या आजाऱ्याला हा पाला चालत नाही, हे तो सहज सांगून जातो. सांगणाऱ्याने एखादी गोष्ट उघड करू नये असे म्हटले, तर ती तशीच राखून ठेवण्याचा त्याचा अधिकार मानावा.

ओळखीच्या बाबतीत शिक्षकांची मदत मोलाची आहे. कडुनिंब आणि बकाण निंब यांची गल्लत सर्रास होते. कडुनिंबाच्या पानाला एकाच दांड्यावर दोन्ही बाजूंस दातेरी पर्णिका असतात. बकाणाच्या दांड्याला पुन्हा फाटे फुटतात व पर्णिका त्या फाट्यांवर असतात. बकाण विषारी आहे, त्याची फळे विशेषतः. शाळेच्या आवारात दोन्ही झाडांच्या डहाळ्या शेजारी ठेवून हा फरक सातवीच्या मुलांना दहा मिनिटांत दाखविता येतो. नवेगाव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प २०१३ साली घोषित झाला. तेथील संरक्षित क्षेत्रातून मुलांनी अथवा कोणीही पाला तोडून आणू नये. शेवगा, बेल, कडुनिंब ही झाडे गावाच्या शिवारातच आहेत, त्यासाठी वाघाच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

आता राहिला प्रत्यक्ष रोगी. शौचास डांबरासारखे काळे होणे, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी होणे, एकाएकी पोट फळीसारखे कठीण होऊन असह्य कळ येणे, यांपैकी काहीही घडले तर रोग्याला कसलाही रस न पाजता तत्काळ रुग्णालयात हलवावे. वजन घटत चालले असेल, घास गिळताना अडत असेल, किंवा चाळिशीनंतर प्रथमच पोटाची तक्रार सुरू झाली असेल, तर दुर्बिणीने जठराची तपासणी करून घ्यावी, कारण जठराचा कर्करोगही आरंभी व्रणासारखाच भासतो. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेव्हा सल्ल्यासाठी नागपूरच गाठले पाहिजे असे नाही. व्रण जंतूमुळे असेल तर दोन प्रतिजैविके व आम्ल रोखणारे औषध बहुधा १४ दिवस दिले जाते. बरे वाटू लागले म्हणून पाचव्या दिवशी गोळ्या सोडल्यास तोच जंतू औषधाला न जुमानणारा होऊन उरतो. रोगी जो पाला घेत असेल तो डॉक्टरांपासून लपवू नये, आणि डॉक्टरांनीही त्यावरून रागावू नये. पाल्याचे नुसते गावठी नाव सांगून भागत नाही, कारण एकाच नावाच्या दोन वनस्पती दोन तालुक्यांत असतात. सोबत येणाऱ्याने त्या झाडाची पानांसकट एक डहाळी पिशवीत घालून आणावी, म्हणजे पोटात नेमके काय गेले आहे ते डॉक्टरांना ओळखता येईल.